गाझातील शस्त्रसंधी आणि तांबड्या समुद्राची वाट: बोटीवर जाणाऱ्याने काय समजावे?

हर्णैकर (२२ नोव्हेंबर २०२५)

सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा मुलगा व्यापारी जहाजावर थर्ड ऑफिसर असून त्याची सुट्टी आता संपत आली आहे. जानेवारीत रुजू होण्यासाठी एजंटाने दोन जहाजे पुढे केली आहेत. पहिले सुका माल वाहणारे असून ते काळ्या समुद्रातून धान्य आणि खत घेऊन सुएझ कालव्यातून आपल्या बाजूस येते. दुसरे कंटेनरवाहू असून ते युरोपला जाताना अद्याप आफ्रिकेला वळसा घालते. पहिल्याचा पगार अधिक आणि कराराची मुदतही कमी, त्यामुळे मुलाचा कल साहजिकच तिकडे आहे. एजंटाचे म्हणणे असे की, १० ऑक्टोबरपासून गाझात शस्त्रसंधी लागू झाली, गाझाच्या युद्धावरून जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनमधील हुथी बंडखोरांनीही हात आवरता घेतला, तेव्हा आता तांबड्या समुद्राचे नाव काढून घाबरण्याचे काही कारण उरलेले नाही.

मला हे इतके सरळ वाटत नाही. करार इस्रायल आणि हमास यांच्यात झाला. त्याला अमेरिका, इजिप्त, कतार आणि तुर्कस्तान यांनी आधार दिला. त्यात येमेनचे नाव कोठेच नाही. मग ज्याने या करारात काहीच कबूल केलेले नाही, त्याच्या भरवशावर तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या वाटेने मुलाला पाठवावे काय? वाट खरोखर निर्धोक झाली आहे किंवा नाही, हे आमच्यासारख्या किनाऱ्यावर बसलेल्या माणसाने कोणत्या खुणांवरून ओळखावे?

दुसरा प्रश्न पोटाचा आहे. घरची थोडी हापूसची कलमे आहेत. युरोपला आंबा पाठवण्याचे दर गेली दोन वर्षे फार चढले, आणि त्याच काळात डीएपी खतासाठी सोसायटीच्या दुकानापुढे खेपा घालाव्या लागल्या. शस्त्रसंधी टिकली तर येत्या हंगामात यात काही फरक पडेल काय?

हर्णैपासून खाली जयगडपर्यंत क्वचितच असे गाव असेल, जिथले कोणी बोटीवर किंवा आखातात नाही. टीव्हीवरील चर्चेत मात्र कोण जिंकले आणि कोण हरले, यापलीकडे काही सांगितले जात नाही. म्हणून इथे विचारतो आहे.

निवृत्त मुख्य अभियंता, गुहागर (२२ नोव्हेंबर २०२५)

हर्णैकर साहेब, आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर गेल्या दोन वर्षांच्या घटनाक्रमातच सापडते.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी हुथींनी हेलिकॉप्टरमधून माणसे उतरवून ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारवाहू जहाज ताब्यात घेतले. ते तुर्कस्तानातून आपल्या गुजरातेतील पिपावावकडेच निघाले होते. त्यावरील २५ खलाशांत एकही इस्रायली नव्हता. तरीही जहाजाच्या मालकीचा धागा एका इस्रायली उद्योजकापर्यंत जात होता, एवढे कारण पुरले. ते खलाशी चौदा महिने अडकून पडले आणि सुटले केव्हा, तर १९ जानेवारी २०२५ रोजी गाझात आधीची शस्त्रसंधी लागू झाल्यानंतर तीन दिवसांनी. तेव्हा गाझातील कराराचा आणि तांबड्या समुद्राचा संबंध नाही असे म्हणता येणार नाही. संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी चालतो. १८ मार्चला इस्रायलने गाझावर पुन्हा मोठे हल्ले केले, ती शस्त्रसंधी बारगळली आणि समुद्रावरील धोकाही परत आला.

एजंटाला ६ मे २०२५ या तारखेविषयी अवश्य विचारा. त्या दिवशी ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुथी यांच्यात परस्परांवर हल्ले न करण्याचे ठरले. अनेक मालकांनी त्याचा अर्थ ‘वाट मोकळी झाली’ असा घेतला. प्रत्यक्षात त्या समझोत्यात इस्रायलशी संबंधित जहाजांचा विषय नव्हताच, आणि तसे हुथींनी उघडपणे सांगितलेही होते. पुढे दोन महिन्यांत, ६ जुलैला ‘मॅजिक सीज’ आणि ७ जुलैला ‘इटर्निटी सी’ या जहाजांवर हल्ले झाले आणि दोन्ही बुडाली. दोन्ही ग्रीक मालकीची, दोन्हींवर लायबेरियाचा झेंडा, आणि दोन्ही सुका माल वाहणारी, म्हणजे आपल्या मुलाला सुचवलेल्या पहिल्या जहाजाच्याच जातीची. ‘इटर्निटी सी’वरील किमान चौघे प्राणास मुकले आणि काही जण आज मी हे लिहीत असतानाही येमेनमध्ये अडकलेले आहेत. त्या मालकांची दुसरी जहाजे इस्रायली बंदरांत जाऊन आली होती, हा त्यांच्यावरचा आरोप. म्हणजे आपले स्वतःचे जहाज कोठे जाते एवढे पाहून भागत नाही; त्याच मालकाची भावंड-जहाजे कोठे जातात, तेही पाहावे लागते.

आपल्या लोकांनीही हे सोसले आहे. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली, तेव्हा त्यावर २२ भारतीय होते आणि आग विझवायला आपल्या नौदलाची ‘विशाखापट्टणम’ धावून गेली. त्याच्या महिनाभर आधी ‘केम प्लूटो’ला तर वेरावळच्या नैर्ऋत्येस, आपल्या दारातच म्हणावे अशा ठिकाणी, ड्रोन लागले होते, ते जहाज तटरक्षक दलाच्या सोबतीने मुंबईला आणले गेले.

आता व्यवहाराचे सांगतो. नाविकांच्या संघटना आणि जहाजमालक यांच्यातील आंतरराष्ट्रीय करारानुसार, ज्याला आमच्या क्षेत्रात आयबीएफ म्हणतात, युद्धसदृश ठरवलेल्या भागात जाण्यास नाविक नकार देऊ शकतो आणि त्याला कंपनीच्या खर्चाने घरी पाठवावे लागते. जो जातो त्याला त्या भागातील दिवसांसाठी मूळ पगाराइतका बोनस मिळतो, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास भरपाई दुप्पट होते. परंतु हे त्या कराराखाली येणाऱ्या जहाजांपुरतेच आहे. कमी प्रसिद्ध मालकांची कित्येक जहाजे त्याबाहेर असतात, आणि नेमकी तीच या वाटेने अधिक जातात. तेव्हा नेमणूकपत्रात नकाराचा हक्क, भरपाईची रक्कम आणि त्या दिवसांचा बोनस या गोष्टी लिहून आहेत का, ते पाहा. एजंट तोंडी ‘सगळे आहे’ म्हणत असेल तर त्याला तेवढेच एका ओळीत लिहून द्यायला सांगा. शिवाय एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा परवाना आहे ना, याची खात्री करून घ्या. हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि प्रत्येकाला ते आधीच ठाऊक असते, तरीही फसणारे फसतात.

उरणकर ताई (२३ नोव्हेंबर २०२५)

मी न्हावा-शेवा बंदराशी संबंधित मालवाहतूक कचेरीत काम करते, त्यामुळे माझा कोन थोडा निराळा आहे. वरील काकांच्या माहितीशी मी सहमत आहे, परंतु त्यातून जो सूर निघतो त्याच्याशी पूर्णपणे नाही. सुएझ कालवा एकही दिवस बंद नव्हता. २०२३ मध्ये तिथून २६ हजारांहून अधिक जहाजे गेली आणि २०२४ मध्ये ती संख्या साधारण निम्म्यावर आली. म्हणजे ऐन धामधुमीतही हजारो जहाजे त्या वाटेने गेली आणि त्यांतील बहुतेक सुखरूप पोहोचली. रशियाचे तेल आपल्याकडे बव्हंशी त्याच वाटेने येत राहिले. (अर्थात त्यालाही अपवाद आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘अँड्रोमेडा स्टार’ हे रशियन तेल घेऊन गुजरातेतील वाडीनारला येणारे जहाजही हल्ल्यातून सुटले नाही.) धोका आहे, पण तो सर्वांना सारखा नाही. तो मालकी, झेंडा, माल आणि मागील बंदरे यांवर ठरतो.

खुणा कोणत्या, असे आपण विचारले आहे. मी राजकारण्यांच्या निवेदनांकडे पाहत नाही, विम्याकडे पाहते. लंडनच्या विमा बाजारात एक संयुक्त समिती धोक्याच्या सागरी प्रदेशांची यादी ठेवते. त्या यादीतील पाण्यात शिरण्यापूर्वी मालकाला नेहमीच्या विम्याव्यतिरिक्त युद्धजोखमीचा वेगळा हप्ता भरावा लागतो, आणि तो साधारणतः सात दिवसांपुरता असतो. संकटापूर्वी हा हप्ता जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या विसाव्या भागाइतका नगण्य होता, तो शिखरावर एक टक्क्याच्या घरात गेला. पाच कोटी डॉलरचे जहाज धरले तर एका फेरीसाठी पाच लाख डॉलर! हा हप्ता ठरवणाऱ्यांचा स्वतःचा पैसा पणाला लागलेला असतो, म्हणून त्यांचा अंदाज मला टीव्हीवरील तज्ज्ञांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो. हप्ता उतरला आणि उतरलेलाच राहिला, तर समजावे की वाट निवळते आहे. यादीतून तो प्रदेश वगळला जाणे ही फार पुढची पायरी आहे.

दुसरी खूण म्हणजे मोठ्या कंटेनर कंपन्या. मर्स्क आणि हापाग-लॉइड यांनी या वर्षी आपले संयुक्त वेळापत्रकच केपच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालणाऱ्या, वाटेवर आखले. न्हावा-शेवा ते रॉटरडॅम हे अंतर सुएझमार्गे साधारण ६,३०० सागरी मैल आहे, ते केपमार्गे १०,७०० च्या आसपास जाते. याचा अर्थ दोन आठवडे अधिक. प्रत्येक फेरी लांबली की तेवढाच माल वाहायला जास्त जहाजे लागतात, आणि इथेच खरी मेख आहे. करोनानंतर या कंपन्यांनी जी भरमसाट नवी जहाजे मागवली, ती सारी या वळशात खपून गेली. उद्या सगळे एकदम सुएझकडे वळले तर जहाजांचा सुकाळ होईल आणि भाडे कोसळेल. त्यामुळे या कंपन्या शस्त्रसंधीचे स्वागत करतात, परंतु परत फिरण्याची घाई करत नाहीत. सुरक्षिततेचे कारण खरे आहे. फक्त तेवढेच कारण नाही, इतके आम्ही या धंद्यातील माणसे एकमेकांत बोलतो.

घाई आहे ती इजिप्तला. कालव्याचे उत्पन्न २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरवर होते, ते २०२४ मध्ये ४ अब्जांपर्यंत घसरले. मे महिन्यात त्यांनी मोठ्या कंटेनर जहाजांना शुल्कात १५ टक्के सूटही देऊ केली होती. शर्म-अल-शेख येथे १३ ऑक्टोबरला इजिप्तने जी परिषद भरवली, तिच्यामागे शेजारधर्म होताच, पण हा हिशेबही होता.

आंब्याविषयी थोडक्यात सांगते, कारण त्याबाबत आपला थोडा गैरसमज झालेला दिसतो. आखाताकडे जाणारा हापूस बाब-अल-मंदेबमधून जातच नाही; तो सरळ अरबी समुद्र ओलांडून दुबईकडे जातो, आणि त्याची नाडी आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीशी बांधलेली आहे. युरोपचा आंबा प्रामुख्याने विमानाने जातो. मग दर का चढले? समुद्रावरील दोन-तीन आठवड्यांचा उशीर ज्यांना परवडत नव्हता, त्या कपड्यांच्या आणि औषधांच्या व्यापाऱ्यांनी आपला माल विमानाकडे वळवला, आणि जागा तेवढीच राहिल्याने भाव वाढला. म्हणून समुद्र मोकळा झाला तर आंब्याचे विमानभाडे उतरू शकते, पण तो परिणाम मागाहून येईल. एप्रिलच्या पेट्या ठरवताना त्यावर भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे.

वेंगुर्ले काजू (२३ नोव्हेंबर २०२५)

उरणकर ताईंनी आंब्याचे सांगितले, तसेच काजूचेही आहे. आमच्याकडील कारखान्यांना स्थानिक बी पुरत नाही, म्हणून आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना इकडून बी आणावी लागते. पश्चिम आफ्रिकेतील ती बी पूर्वीपासून केपलाच वळसा घालून येत होती. तरीही २०२४ च्या आरंभी भाडे वाढलेच, कारण रिकामे कंटेनर लांबच्या फेऱ्यांत अडकले आणि जे उरले त्यांच्यासाठी चढाओढ लागली. लढाई एका सामुद्रधुनीत आणि टंचाई भलत्याच बंदरात, हे आम्ही तेव्हा शिकलो.

खताबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीचा भाव १,३५० रुपयांवर सरकारने अनुदान देऊन धरून ठेवला आहे, आणि त्यासाठी टनामागे ३,५०० रुपयांचे खास साहाय्यही जाहीर केले होते. म्हणून शस्त्रसंधीमुळे गोणी स्वस्त होईल अशी आशा नको. मोरोक्को आणि रशियाकडून येणारी जहाजे वेळेवर आली तर निदान माल दुकानात दिसेल. तेही पूर्ण खरे नाही, कारण चीनने निर्यात आवळली, हे टंचाईचे दुसरे मोठे कारण होते आणि त्याचा गाझाशी काडीचाही संबंध नाही.

निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी (२५ नोव्हेंबर २०२५)

ही चर्चा उपयुक्त आहे, परंतु तीत एक उणीव जाणवली, ती आधी नमूद करतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेले गेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत गाझात तेथील आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार ६९ हजारांहून अधिक माणसे मेली. शस्त्रसंधी लागू झाल्यानंतरही तेथे तीनशेहून अधिक लोक मारले गेल्याची त्याच खात्याची नोंद आहे. भाडे आणि विमा हे विषय आपल्या दारापर्यंत येतात म्हणून आपण त्यांची चर्चा करतो, यात गैर काही नाही. पण करार टिकेल की नाही हे ठरणार आहे ते तिकडे रोज काय घडते त्यावर, आणि विम्याच्या हप्त्यात ते उशिरा उमटते.

आता मूळ प्रश्न. शस्त्रसंधी झाली म्हणजे समुद्रमार्ग उघडला, असे इतिहासात आपोआप घडलेले नाही. जून १९६७ चे अरब-इस्रायल युद्ध सहा दिवसांत थांबले आणि १० जूनला शस्त्रसंधीही झाली. परंतु दोन्ही सैन्ये सुएझ कालव्याच्या दोन काठांवर समोरासमोर उभी राहिली आणि कालवा बंद झाला, तो ५ जून १९७५ रोजी उघडला. आठ वर्षे! त्या वेळी कालव्यात असलेली १५ जहाजे तिथेच अडकून पडली. वाळवंटातील वाळू त्यांच्यावर साचून ती पिवळी दिसू लागली, म्हणून लोक त्यांना ‘पिवळा ताफा’ म्हणत. कालवा उघडला तेव्हा त्यांतील केवळ दोन जर्मन जहाजे स्वतःच्या इंजिनांवर घरी पोहोचू शकली. मधल्या काळात १९७३ चे दुसरे युद्ध झाले, सुरक्षा परिषदेच्या ३३८ क्रमांकाच्या ठरावाने दुसरी शस्त्रसंधी झाली, जानेवारी १९७४ मध्ये सैन्ये मागे घेण्याचा करार झाला, अनेक देशांच्या नौदलांनी कालव्यातील सुरुंग आणि बुडालेली जहाजे काढली, आणि मग कोठे वाट मोकळी झाली. वाट उघडण्यास १९६७ ची शस्त्रसंधी पुरली नाही; सैन्ये काठावरून हलली तेव्हाच काम झाले.

या कसोटीवर आजचा करार पाहावा. पहिल्या टप्प्यात ठरलेल्या रेषेपर्यंत इस्रायली सैन्य मागे आले, हयात असलेले वीसही ओलीस १३ ऑक्टोबरला सुटले, आणि त्यांच्या बदल्यात सुमारे दोन हजार पॅलेस्टिनी कैदी मुक्त झाले. इथपर्यंतचा भाग तुलनेने सोपा होता, कारण त्यात दोन्ही बाजूंना तत्काळ काही मिळत होते. पुढचा भाग, म्हणजे हमासने शस्त्रे खाली ठेवणे, इस्रायलने आणखी मागे सरणे आणि गाझाचा कारभार कोणी पाहायचा हे ठरवणे, हा अवघड आहे. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने २८०३ क्रमांकाचा ठराव १३ विरुद्ध शून्य मतांनी संमत करून गाझासाठी आंतरराष्ट्रीय स्थैर्य दलास २०२७ अखेरपर्यंतची मान्यता दिली. रशिया आणि चीन यांनी विरोध केला नाही, पण पाठिंबाही दिला नाही; ते तटस्थ राहिले. कोणते देश सैन्य पाठवणार, आणि ते सैन्य हमासची शस्त्रे काढून घेणार की केवळ मधे उभे राहणार, हे प्रश्न अद्याप उघडे आहेत. जोवर ते सुटत नाहीत तोवर हुथींचा संयम हा सशर्त संयम आहे. त्यांनी हमासच्या लष्करी शाखेला पाठवलेल्या, या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या पत्रात तसे स्पष्ट लिहिले आहे: गाझावर पुन्हा हल्ले झाले तर आम्हीही पुन्हा सुरू करू. हर्णैकर, आपण विचारलेत की ज्याने करारात काही कबूल केले नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा. विश्वासाचा प्रश्नच नाही. हुथी स्वतःचा शब्द गाझातील घडामोडींशी बांधून मोकळे झाले आहेत, आणि म्हणून आपणही येमेनकडे न पाहता गाझाकडे पाहावे.

उरणकर ताईंच्या विम्याच्या मापाविषयी मला एक आक्षेप आहे. विमेदार घडून गेलेल्या गोष्टीला उत्तम प्रकारे मोजतात, येणाऱ्या गोष्टीला तितके नाही. जुलैच्या सुरुवातीला हप्ते बरेच खाली आलेले होते. दोन जहाजे बुडाल्यावर ते पुन्हा उसळले. बोटीवरील माणसाच्या दृष्टीने ही सूचना उशिरा आलेली ठरते.

यात आपल्या किनाऱ्याचाही एक धागा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिकेची घोषणा झाली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून माल अमिरातीत न्यायचा, तिथून रेल्वेने सौदी अरेबिया आणि जॉर्डनमार्गे इस्रायलच्या हैफा बंदरात आणि पुढे युरोपला, अशी ती कल्पना होती. तिला महिना झाला नाही तोच ७ ऑक्टोबर उजाडला आणि ती कागदावर राहिली. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदर, ज्याला जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांची मान्यता मिळाली आणि ज्याला तेथील मच्छीमारांचा मोठा विरोध आहे, ते या मार्गिकेशी जोडून पुन्हा पुन्हा सांगितले जाते. शस्त्रसंधी टिकली तर ही चर्चा परत सुरू होईल. सौदी अरेबिया मात्र पॅलेस्टिनी राज्याच्या प्रश्नावर ठोस काही झाल्याखेरीज इस्रायलशी उघड संबंध जोडण्यास तयार दिसत नाही, आणि त्याच्याशिवाय ती रेल्वे जाणार कोठून?

हर्णैकर (२६ नोव्हेंबर २०२५)

सर्वांचे मनापासून आभार. गुहागरच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे एजंटाकडे नकाराच्या हक्काविषयी लेखी मागणी केली आहे. मालकाच्या इतर जहाजांविषयीही विचारले, त्यावर ‘ती माहिती आम्हांला नसते’ असे उत्तर आले. एक शंका राहिली. केपच्या वाटेने जाणारे दुसरे जहाज निवडले, तर ती वाट तरी पूर्ण निर्धोक मानावी काय? मुलाची आई आता त्याच प्रश्नावर अडून बसली आहे.

निवृत्त मुख्य अभियंता, गुहागर (२६ नोव्हेंबर २०२५)

वहिनींना सांगा की त्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. तांबड्या समुद्रात नौदलांचे लक्ष गुंतले तेव्हा सोमालियाच्या चाच्यांना मोकळीक मिळाली. ‘रुएन’ हे पळवलेले जहाज आपल्या नौदलाने मार्च २०२४ मध्ये सोडवले, ३५ चाचे पकडून मुंबईला आणले आणि १७ खलाशी वाचवले. या महिन्यातच, ६ नोव्हेंबरला, गुजरातेतील सिक्का बंदरातून पेट्रोल घेऊन डर्बनला निघालेल्या ‘हेलास अॅफ्रोडाइट’वर चाचे चढले. खलाशी जहाजातील सुरक्षित कोठडीत शिरून दार लावून बसले, आणि दुसऱ्या दिवशी स्पॅनिश युद्धनौका आल्यावर बाहेर पडले. म्हणजे भारतातून केपकडे जातानाही सोमालियाच्या बाजूचा पट्टा आहेच.

तरीही दोन्हींत फरक आहे. चाच्यांना जहाज आणि माणसे जिवंत हवी असतात, कारण त्यातच त्यांचा पैसा आहे. मोठे कंटेनर जहाज वेगाने जाते आणि पाण्यापासून बरेच उंच असते, त्यामुळे त्यावर चढणे कठीण. क्षेपणास्त्राला उंची आणि वेग यांची पर्वा नसते. केपजवळ दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, समुद्र फार खवळतो आणि २०२४ मध्ये तिथे काही जहाजांवरचे कंटेनर पाण्यात पडलेही. जानेवारीत निघणाऱ्याला सुरुवातीचे महिने त्या दृष्टीने बरे आहेत.

उरणकर ताई (२३ डिसेंबर २०२५)

महिन्याभरातील घडामोडी नोंदवून ठेवते. ‘इटर्निटी सी’वरील जे लोक येमेनमध्ये अडकले होते, त्यांची ओमानच्या मध्यस्थीने ३ डिसेंबरला सुटका झाली, त्यांत एक भारतीयही होता. आणि गेल्या आठवड्यात ‘मर्स्क सेबारोक’ हे जहाज बाब-अल-मंदेबमधून पार झाले. दोन वर्षांच्या सुमारास त्या कंपनीचे तिथून जाणारे हे पहिले जहाज. कंपनीने मात्र संपूर्ण वेळापत्रक सुएझकडे वळवलेले नाही, पावले टप्प्याटप्प्याने टाकू, असे म्हटले आहे.

प्राध्यापक सरांचा विम्याविषयीचा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. म्हणून हप्त्याबरोबर आता मी आणखी एक गोष्ट पाहते: या कंपन्या आपली मोठी, महागडी जहाजे त्या वाटेने पाठवतात की लहानच. ‘सेबारोक’ मध्यम आकाराचे आहे.

आंबा पाठवणाऱ्यांसाठी: विमानभाड्याचे एप्रिलचे दर आमच्याकडे अजून उतरलेले नाहीत. फेब्रुवारीत पुन्हा विचारा.

हर्णैकर (२४ डिसेंबर २०२५)

एजंटाने नकाराचा हक्क लिहून देण्यास शेवटपर्यंत टाळाटाळ केली. मुलगा कंटेनरवाहू जहाजावर ९ जानेवारीला कोलंबोत रुजू होत आहे. डीएपी परवा सोसायटीत आले होते, दुपारपर्यंत संपले.